दारातला मुक्काम



घर दुरुस्तीला काढले की घरच्या माणसांनी राहावयाचे कोठे, हा प्रश्न जुनाच आहे. भिंतींना गिलावा करावयाचा असला तर सोप्यातली माणसे माजघरात सरकतात, माजघराचे काम निघाले तर पुन्हा सोप्यात येतात. पण पायाखालची जमीनच उखडावी लागली, म्हणजे सरकायला जागा उरत नाही. युरोपात आणि ऑस्ट्रेलियात फळ्यांच्या जमिनीची घरे पुष्कळ. तिकडे जमीन तासून तिला नव्याने तेल-रोगण द्यावयाचे ठरले की काही कुटुंबे चाकांवरचे एक घरकुल अंगणात आणून उभे करतात आणि काम संपेपर्यंत त्यात राहतात. त्याला ते कॅराव्हॅन म्हणतात. ही चैन आपल्याकडे कोण करणार, असे तुम्ही म्हणाल. पण आपल्या कृष्णाकाठी २०१९ सालच्या महापुरानंतर कित्येकांना अगदी हेच करावे लागले. त्यांची कॅराव्हॅन म्हणजे उसाची ट्रॉली.

त्या ऑगस्टची आठवण सांगलीकरांना करून द्यावयास नको. आयर्विन पुलाजवळ ४५ फूट ही धोक्याची पातळी. २००५ साली पाणी ५३ फुटांवर गेले, तेव्हा याहून मोठा पूर आता आपल्या हयातीत येत नाही, असे जुनी माणसे म्हणाली होती. २०१९ साली ते ५७ फुटांच्या वर गेले. वर कराडला कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन मिळतात. दोघी एकदम फुगल्या म्हणजे खाली पलूस, वाळवा, मिरज ह्या तालुक्यांतल्या काठच्या गावांना पळायला वेळ थोडा मिळतो. ब्रह्मनाळची नाव उलटून सतरा माणसे गेली, ती ह्याच पुरात. त्या दुःखापुढे घराच्या फळ्यांची गोष्ट लहान आहे, हे मला ठाऊक आहे. पण पूर ओसरल्यावर जगणाऱ्याला राहावे लागते ते घरातच, आणि आज मला बोलावयाचे आहे ते ओसरल्यानंतरच्या दिवसांविषयी.

आपल्या जुन्या वाड्यांच्या माडीची जमीन कशी असते, ते आधी पाहू. दगडी उथळ्यांवर सागवानी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर आडव्या कड्या आणि कड्यांवर जोडून मारलेल्या फळ्या. खालून पाहिले तर ती तक्तपोशी, वरून चालले तर ती जमीन. पुष्कळ घरांत ह्या फळ्यांवर तीन-चार बोटे मातीचा थर देऊन वर शेणाने सारवलेले असते. उन्हाळ्यात माडी थंड राहते ती ह्या मातीमुळे. पण दहा फूट लांब आणि दहा फूट रुंद अशा एका खोलीत तीन इंच माती धरली, तर ती पंचवीस घनफूट भरते. कोरडी असतानाच तिचे वजन टनाभोवती असते. पाणी प्यायल्यावर ते आणखी कित्येक मण वाढते. आणि हे ओझे कड्यांवर येते केव्हा, तर पाण्याने लाकूड हळवे झालेले असते तेव्हा. म्हणून पुरात उभा राहिलेला वाडा पूर ओसरल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी बसतो. पाणी खाली गेले, ऊन पडले, घरची माणसे हुश्श करून आत गेली, की मग वरून आवाज येतो.

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचे घर काठावरच्या एका गावात आहे. पाच खणांचा वाडा, माडीसकट. त्या ऑगस्टात तळमजला तर बुडालाच, माडीतही गुडघाभर पाणी चढले. घरात म्हातारी आजी, तिचा मुलगा, सून, नातू, नातसून आणि दोन शाळकरी पोरे. दोन म्हशी आधीच वरच्या गावी नेऊन बांधल्या होत्या, त्या वाचल्या. पाणी उतरल्यावर मी तिकडे गेलो, तो आजी दारातल्या दगडावर बसून होती आणि गावचे सुतारमामा आत तुळया ठोकून पाहत होते. ते बाहेर आले आणि म्हणाले, "आजी, कुणी आत झोपायचं न्हाई. आधी वरची माती उतरवा. एका कोपऱ्यात ढीग करू नका, पाटीपाटीनं खाली आणा. मग फळ्या काढू."

"काढू म्हंजे? माझ्या सासऱ्यानं बसवल्यात त्या."

"म्हणून तर काढायच्या. बसवलेल्या तशाच ठेवल्या तर कुजतील."

लाकूड पाणी पिते तेव्हा ते लांबीला जवळजवळ वाढत नाही. वाढते ते रुंदीला. फळ्या अंगाला अंग लावून बसवलेल्या असल्या म्हणजे प्रत्येकीला फुगायला जागा लागते, ती नसते, आणि मग त्या मधूनच वर उचलतात. वरून ऊन-वारा आणि खालून ओल, अशा स्थितीत फळी वरच्या अंगाने आकसते आणि पन्हळीसारखी होते. उन्हात टाकली तर पुरतीच वाकते, तडकते. तिला हवी सावली, वारा आणि वेळ. सुतारमामांनी गेरूने प्रत्येक फळीच्या पाठीवर खोलीची खूण आणि आकडा लिहिला. गोठ्याच्या छपराखाली विटांवर ओळीने मांडल्या. दोन थरांच्या मधे बोटभर जाडीच्या पट्ट्या ठेवल्या, म्हणजे वारा खेळता राहील. शिक्षक मित्रांना ह्यात एक सुंदर पाठ सापडेल, तो पुढे सांगतो.

आता राहावयाचे कोठे? गावच्या शाळेतला निवारा काही दिवसांनी आवरला, कारण शाळा भरवायची होती. सरकारने त्या वेळी खेड्यातल्या पूरग्रस्त कुटुंबाला दहा हजार आणि शहरातल्याला पंधरा हजार रुपये सानुग्रह मदत जाहीर केली. ती भांडीकुंडी, धान्य आणि अंथरूण ह्यांत गेली. आजीची लेक मिरजेला, तिने सगळ्यांना बोलावले. पण म्हशी परत आल्या होत्या, त्यांचे दूध-शेण कोण करणार? आणि गोठ्यात मांडलेला साग? त्याच आठवड्यात जुन्या लाकडाचे व्यापारी गावागावांतून फिरू लागले होते. पडलेला वाडा, पडू घातलेला वाडा, ओल्या फळ्या, खांब, चौकटी, काहीही घ्यायला तयार. रोख पैसा हातावर ठेवीत. शंभर वर्षे मुरलेला साग आज विकत घ्यायला गेलात तर काय भाव पडतो, हे त्यांना माहीत. ज्याची चूल तीन विटांवर आली आहे, त्याला ते आठवत नाही. मी कोणाला दोष देत नाही. घेणाऱ्याला धंदा आहे आणि विकणाऱ्याला गरज. पण त्या दोन महिन्यांत काठावरच्या कितीतरी माड्या ट्रकात बसून गावाबाहेर गेल्या, आणि त्या गेल्या त्यातल्या बऱ्याच अशा घरांतून, जिथली माणसे दूर नातलगांकडे होती.

म्हणून ह्या कुटुंबाने दारातच राहावयाचे ठरवले. उसाची ट्रॉली अंगणात आणली. चाकांना दगड लावले, पुढच्या बाजूला पक्का टेकू दिला. हौदा साधारण दहा-अकरा फूट लांब, सहा फूट रुंद. त्यावर कळकाच्या कमानी बांधून ताडपत्री ओढली. मागचा फाळका पाडला की ओटा होई, त्यावर पोरे अभ्यासाला बसत. हौद्यात तळाला उसाच्या पाचटाचा थर, त्यावर सतरंज्या. ट्रॉलीखालच्या जागेत पेट्या आणि धान्याचे डबे. आजी, सून, नातसून आणि पोरे आत झोपत. बापलेक गोठ्यात, लाकडाजवळ.

हे मी सांगतो आहे ते गोड करून नव्हे. सात माणसांना सहा फूट रुंदी म्हणजे काय, ते बायकांना विचारावे. न्हाणीला गोणपाटाचा आडोसा, तोही वाऱ्याने उडे. पुरानंतर साप-विंचू कोरड्या जागेच्या शोधात असतात, म्हणून अंथरूण झटकल्याशिवाय कोणी पाठ टेकीत नसे. सप्टेंबरातही पावसाने पाठ सोडली नाही. २ सप्टेंबरला गणपती आले. घरचा गणपती घरातच बसवायचा, अशी आजीची धारणा. घरात तर जायचे नाही. शेवटी नातसून म्हणाली, "आजी, जिथं आपण, तिथं त्यो." ट्रॉलीच्या पुढच्या कोपऱ्यात पाट मांडला आणि गणपती दीड दिवस बसला.

सातारा जिल्ह्यातल्या श्रोत्यांना हा दारातला मुक्काम नवा वाटणार नाही. ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे कोयनानगरचा भूकंप झाला. पाटण खोऱ्यात पावणेदोनशेच्या आसपास माणसे गेली आणि हजारो घरे पडली किंवा तडकली. ऐन थंडीत लोक घरासमोर, खळ्यात, झोपड्यांत राहिले. घर उभे होते तेही आत झोपेनात, कारण धक्के थांबले नव्हते. भूकंपात भीती हलण्याची असते आणि पुरानंतर ओलीची. पहिली माणसाला जाणवते, दुसरी जाणवत नाही. म्हणून भूकंपानंतर लोक सांगूनही आत जात नाहीत, आणि पुरानंतर सांगूनही बाहेर राहत नाहीत.

अमेरिकेतही असे घडले. २००५ च्या ऑगस्टअखेरीस कॅटरिना वादळाने न्यू ऑर्लिन्स शहर बुडाले. तिथल्या संघसरकारने घरे दुरुस्त होईपर्यंत लाखाहून अधिक चाकांची घरे लोकांना दिली, आणि त्यांतली पुष्कळशी ज्याच्या त्याच्या दारातच उभी केली. माणूस आपल्या भिंतींजवळ राहिला तर दुरुस्ती लवकर होते, हे त्यांनाही पटले होते. पण ती घरे घाईने बांधलेली; त्यांच्या दाबीव लाकडातल्या डिंकातून फॉर्माल्डिहाइड नावाचा वायू सुटे. लोकांचे डोळे चुरचुरू लागले, खोकले सुरू झाले. २००८ च्या फेब्रुवारीत सरकारी तपासणीत त्या घरांतल्या हवेत हा वायू नेहमीच्या घरांपेक्षा बराच जास्त निघाला. आमची ट्रॉली गळकी खरी, पण तिच्यात हवेची टंचाई नव्हती!

आता शिक्षकांसाठी कबूल केलेली गोष्ट. लाकूड वाळले हे ओळखायचे कसे? हात लावून कळत नाही. वरचे अंग कोरडे लागते आणि पोटात ओल असते. सुतारमामांनी एका खराब फळीचा फूटभर तुकडा कापला आणि तो फळ्यांच्या शेजारीच, त्याच वाऱ्यात टांगला. दर सोमवारी थोरला पोरगा तो घेऊन किराणा दुकानात जाई, काट्यावर टाकी आणि वजन वहीत लिही. पहिल्या सोमवारी १ किलो २९० ग्रॅम. मग १ किलो २४०, १ किलो २००, असे उतरत दसऱ्याच्या सुमारास ते १ किलो १३० वर आले आणि तिथेच ठरले. दोन आठवडे एक ग्रॅम हलले नाही.

आणि इथेच घरात वाद पेटला. कारण नोव्हेंबरात कारखाने सुरू होणार. ट्रॉलीचा ऊस वाहतुकीचा करार झालेला, उचलही घेतलेली. हंगाम बुडाला तर वर्षाची मिळकत बुडाली, आणि ह्या वर्षी शेतातला ऊस तर पाण्याखाली राहून गेलेलाच होता. घरधनी म्हणाले, "मामा, वजन थांबलं. आता ठोका फळ्या. दिवाळीला घरात जाऊ, ट्रॉली मोकळी करू." त्यांचे म्हणणे चुकीचे होते असे कोण म्हणेल? शेजारच्याने तसेच केले होते; त्याच्या माडीवर रोगणाचा वास दरवळत होता.

सुतारमामा म्हणाले, "वजन थांबलंय ते हवेत ओल हाय म्हणून. लाकूड हवेपरमाणं वाळतं. हवाच अजून वली हाय."

लाकूड शेवटी भोवतालच्या हवेशी बरोबरी साधते. पावसाळी हवेत त्याच्या पोटात जितके पाणी राहते, त्याच्या निम्म्याच्या आसपासच उन्हाळ्यात उरते. म्हणजे पावसाळ्यात थांबलेले वजन हे वाळल्याचे लक्षण नव्हे, ते फक्त विसाव्याचे ठिकाण. त्या वर्षी ऑक्टोबरच्या शेवटी पुन्हा पाऊस झाला, आणि पोराच्या वहीत आकडा उतरायच्या ऐवजी चढला: १ किलो १५०. हा आकडा पाहून घरधनी गप्प झाले. मी तासभर पदार्थविज्ञान सांगितले असते तरी जे झाले नसते, ते किराणा दुकानाच्या काट्याने केले.

मग तोड निघाली ती अशी. तळमजल्याची जमीन दगडी फरशीची. तिच्या सांध्यांतला गाळ पोरांनी खरवडून काढला होता, भिंतींचा ओला गिलावा कमरेपर्यंत उतरवला होता, दारे-खिडक्या रात्रंदिवस उघड्या होत्या. वरची माती गेल्यामुळे तुळयांवर ओझे नव्हते. दोन संशयित तुळयांखाली सुतारमामांनी टेकू दिले आणि सोपा राहण्याजोगा आहे असे सांगितले. नोव्हेंबरात कुटुंब सोप्यात गेले आणि ट्रॉली उसाला गेली. माडी मात्र तशीच उघडी राहिली. सोप्यात झोपून वर पाहिले की कड्यांमधून थेट कौले दिसत. आजी म्हणे, "मांडवात झोपल्यागत वाटतंय."

फळ्या बसल्या फेब्रुवारीत. वजन तेव्हा १ किलो ६० वर होते. काही फळ्यांना वाळवी लागली होती, त्या बाद केल्या. बाकीच्या उलट्या करून रंध्याने साफ केल्या. पूर्वी खिळे होते, आता पेच घातले, म्हणजे पुन्हा काढायची वेळ आली तर फळी फुटू नये. पावसाळ्यात फुगायला म्हणून दर दोन फळ्यांत पोस्टकार्डाच्या जाडीची फट सोडली. वर मातीचा थर दिला नाही. उन्हाळ्यात माडी तापेल हे खरे, पण टनाचे ओझे पुन्हा डोक्यावर घ्यायचे नाही, असे सर्वांनी ठरवले.

शेवटी तेल. जवसाचे तेल उकळलेले, पहिल्या हाताला त्यात टर्पेंटाइन मिसळून पातळ केलेले. हे तेल पाण्यासारखे उडून वाळत नाही. ते हवेतला प्राणवायू ओढून घट्ट होते. म्हणून जाड थर देण्यात अर्थ नाही, वर साय धरते आणि खाली चिकट राहते. पातळ हात, अर्ध्या तासाने जादा तेल फडक्याने पुसून काढायचे, दोन-तीन दिवस वारा, मग दुसरा हात. ह्या कामात एक धोका आहे, तो पुष्कळ चांगल्या कारागिरांनाही माहीत नसतो. तेल पुसलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकली, तर प्राणवायू ओढताना त्यांत उष्णता साठते आणि काही तासांत ती आपोआप पेट घेऊ शकतात. काडी लागत नाही. फडकी उघड्यावर एकेक पसरून वाळवावीत किंवा पाण्याच्या बादलीत टाकावीत. लाकडाच्या घरात हे विसरून चालणार नाही. त्या आठवड्यात कोणी वर झोपले नाही, खिडक्या उघड्या ठेवल्या.

शेजारच्या माडीचे काय झाले, तेही सांगितले पाहिजे. दिवाळीला बसवलेल्या त्या फळ्या मे महिन्यात आकसल्या. बोट जाईल अशा फटी पडल्या, काही फळ्यांच्या कडा वर आल्या, रोगण सांध्यासांध्यांवर फाटले. त्या गृहस्थांनी पुढल्या वर्षी साग विकला आणि स्लॅब घातला. तोही एक मार्ग आहे, आणि काठावर स्लॅबच बरा असे म्हणणारे इंजिनिअर पुष्कळ भेटतात. मला स्वतःला तो हिशेब अपुरा वाटतो. लाकडाची माडी भिजली तर फळ्या सुट्या करून वाळवता येतात. भिजलेल्या स्लॅबातली सळई गंजू लागली तर ती काढून गोठ्यात टांगता येत नाही.

एक मागणी मात्र ह्या निमित्ताने ग्रामपंचायतीपुढे ठेवावीशी वाटते. पुरानंतर आपण धान्य वाटतो, कपडे वाटतो, पडलेल्या घराचा पंचनामा करतो. उभ्या राहिलेल्या पण ओल्या घराला तीन महिने लागतात, त्यांची नोंद कोठेच होत नाही. ताडपत्री, कळक, एक झाकलेली न्हाणी आणि एक शौचकूप एवढे ज्याच्या त्याच्या दारात वेळेवर मिळाले, तर माणूस ओल्या घरात झोपायला जाणार नाही आणि घाईने लाकूड विकणार नाही. गावातल्या सुताराला ह्या दिवसांत घरोघर फिरून तुळया तपासायचा मेहनताना पंचायतीने दिला, तर तो खर्च वाया जाईल असे मला वाटत नाही.

२०२१ च्या जुलैत कृष्णा पुन्हा आयर्विन पुलाजवळ ५४ फुटांवर गेली. त्या वाड्याच्या तळमजल्यात पाणी आले, माडीच्या खाली दोन विती राहून थांबले. पेच काढावे लागले नाहीत. पाणी यायच्या आदल्या रात्री थोरल्या पोराने कळकाच्या कमानी ट्रॉलीवर चढवल्या होत्या, म्हशी मागे बांधल्या होत्या, आणि वजनाची वही आजीच्या पिशवीत होती.